खान्देशात कोण आलं, खान्देशातून कोण गेलं: स्थलांतराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केळीच्या मळ्यातले सालदार (वर्षाच्या बोलीवर ठेवलेले शेतमजूर), सराफ्यातले कारागीर, सुरतला गेलेले आपले लोक, सातपुड्यातून खाली उतरणारी कुटुंबं, या सगळ्यांबद्दल फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येत राहतात. काही रागानं विचारलेले असतात, काही खरंच अडचणीत सापडलेल्या माणसाचे असतात. दोन्ही घेतलेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेलं दुसरीकडं परत लिहिलेलं नाही, तिथं प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. स्थलांतरित नक्की कुणाला म्हणायचं? दुसऱ्या देशातून आलेल्याला का दुसऱ्या राज्यातून आलेल्याला?

दोघांनाही, फक्त कायदा दोघांना वेगळा लागतो. परदेशातून येणाऱ्याला पासपोर्ट, व्हिसा, नोंदणी सगळं लागतं, देशातल्या देशात जाणाऱ्याला राज्यघटनेनंच मोकळीक दिलीये (प्रश्न ११ बघा). पण आपल्या देशात खरी मोठी हालचाल आतल्या आतच होते. २०११ च्या जनगणनेत जवळपास ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून मोजले गेले, आणि त्यातल्या बायकांचं सगळ्यात मोठं कारण काय, तर लग्न. म्हणजे आपली आई, वहिनी, सून या सगळ्या त्या हिशोबात येतात. चोपड्याची मुलगी साक्रीला नांदायला गेली की तिच्यासोबत मसाल्याचं प्रमाण जातं, बिबडे करायची पद्धत जाते, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी जातात, आणि पाचसात वर्षांत त्या घरच्या भाजीची चव बदललेली असते, सासूलाही ती बदललेली चवच आवडायला लागते. संस्कृती कशी सरकते हे बघायचं असेल तर आपल्याच स्वयंपाकघरात बघा, पण स्थलांतराचा विषय निघाला की या बायका कुणाच्या लक्षातच येत नाहीत.

२. मग मूळचे खान्देशी कोण?

सगळ्यात जुने म्हणाल तर भिल्ल आणि डोंगरातले बाकीचे आदिवासी. त्यांच्यानंतर जो तो कुठून ना कुठून आलेला. अहिराणी ज्यांच्या नावानं ओळखली जाते ते अहीर बाहेरून आलेले, दोडे गुजर आणि रेवे गुजर गुजरातकडून, लेवा समाजातली जुनी माणसं पावागडाचं नाव काढतात आणि गंमत म्हणजे सातपुड्यातले पावरा लोकही पावागडाचंच नाव काढतात. चाळीसगाव, जामनेर, पाचोऱ्याकडं बंजाऱ्यांचे तांडे आहेत, उत्तरेतून आलेल्यांना परदेशी हे आडनावच पडलं, मारवाडी वाणी, बोहरी दुकानदार, फाळणीनंतर आलेले सिंधी, यादी संपतच नाही.

आणि खान्देश तरी कुठं एका जागी राहिला? फारुकी राजांची राजधानी बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात आहे. १६०१ मध्ये अकबरानं असीरगड घेतला आणि खान्देश मुघलांचा सुभा झाला, १८१८ ला इंग्रज आले. १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन खान्देश झाले, एक जळगावकडं एक धुळ्याकडं, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघालं. मालेगावही एके काळी खान्देशातच होतं. तिथले विणकर १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तर प्रदेशातून, बनारस-मऊ भागातून हातमाग घेऊन आले, त्या हातमागाचे पुढं पावरलूम झाले आणि आज अख्खं शहर त्या खटखटीवर चालतं. मालेगावातून यंत्रमाग वजा करून दाखवा, काय उरतं ते बघा.

३. बाहेरच्या माणसामुळं आपल्या भागात काम वाढलं याचं एखादं पक्कं उदाहरण द्या, नुसतं बोलू नका.

अमळनेर घ्या. २९ डिसेंबर १९४५ ला तिथं वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी सुरू झाली, काढणारे मोहम्मद हाशम प्रेमजी, गुजराती व्यापारी घराण्यातले. शेंगदाण्याचा पट्टा म्हणून त्यांनी अमळनेर धरलं. १९६६ मध्ये ते गेले आणि अझीम प्रेमजी शिक्षण सोडून परत आले, पुढं तीच कंपनी विप्रो झाली. अमळनेरच्या कित्येक साध्या घरांनी त्या काळात थोडे शेअर घेऊन ठेवले होते आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं आयुष्य त्यावर बदललं, हे तिथं कुणालाही विचारा.

दुसरं, जळगाव. भवरलाल जैन वाकोदचे, पण घराणं राजस्थानातून आलेलं. त्यांनी ठिबक आणि टिश्यू कल्चरची केळीची रोपं इथल्या शेतकऱ्यापर्यंत नेली, आणि आज रावेर-यावलच्या पट्ट्यात केळीची बाग ठिबकशिवाय कुणी लावत नाही. जळगावचा सोन्याचा बाजार घ्या, राजमल लखीचंद ही पेढी १८५४ ची, मारवाडी घराण्याची.

त्या सोन्यामागचे हात मात्र आपण बघत नाही. सराफ बाजारातल्या जुन्या इमारतीचा जिना चढून वर गेलात तर एका छोट्या खोलीत पाचसहा बंगाली कारागीर मांडी घालून बसलेले दिसतील, पुढ्यात बुटकं लाकडी टेबल, खाली सोन्याचा कण पडला तर सापडावा म्हणून झोळीसारखं अडकवलेलं कापड, तोंडात फुंकणी, बारीक ज्योत वळवून वळवून एकेक कडी जोडणं चाललेलं. दिवसाच्या शेवटी खोलीतला केरसुद्धा फेकत नाहीत, जपून ठेवतात, त्यात सोनं असतं. आपल्या लग्नातल्या मंगळसूत्राची पोत बहुतेक अशाच कुणाच्या तरी हातची असते आणि दागिना घेताना आपण फक्त घडणावळ कमी करा म्हणतो.

४. पण बाहेरचे मजूर आले की मजुरी पडते ना? आमच्या पोरांना काम मिळत नाही.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि त्यामागची भीती खरी आहे, म्हणून नीट सांगतो. १९८० मध्ये क्युबातून जवळपास सव्वा लाख लोक काही महिन्यांत अमेरिकेत आले आणि त्यातले बरेच एकट्या मायामी शहरात राहिले, तिथले कामगार एकदम ७ टक्क्यांनी वाढले. डेव्हिड कार्ड या अर्थशास्त्रज्ञानं १९९० मध्ये दाखवलं की तिथल्या लोकांची मजुरी आणि बेकारी यावर म्हणावा तसा परिणाम झाला नाही. कामगारांच्या अभ्यासासाठी त्यांना २०२१ मध्ये नोबेल मिळालं. दुसरे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास म्हणतात, थांबा, अगदी कमी शिकलेल्यांची मजुरी पडली होती. तो वाद अजून चालू आहे.

माझं मत विचाराल तर दोघांचंही आपल्याकडं दिसतं. केळीचा घड खांद्यावर घेऊन चिखलातून ट्रकपर्यंत नेणं, वीटभट्टीवर काम, जिनिंगमधली धूळ, ही कामं इथली पोरं आता करायला तयार नाहीत आणि त्यात त्यांची चूकही नाही. तिथं बाहेरचा मजूर कुणाचं काम हिसकावत नाही, उलट तो आला नाही तर बाग उभी वाळते आणि मग ट्रकवाला, आडत्या, पॅकिंगवाला सगळेच बसून राहतात. पण कापूस वेचणीला गावातली जी बाई किलोमागं दर मागते आणि मालक म्हणतो की डोंगरातली टोळी कमी दरात येते, तिथं त्या बाईचं नुकसान होतंच. फक्त राग कुणावर काढायचा ते बघा. दर टोळी पाडत नाही, ठरवून कमी देणारा पाडतो. किमान वेतन शेतमजुरालाही लागू आहे, ते दोघींना मिळालं तर एकीला दुसरीची भीतीच राहणार नाही.

५. दुसऱ्या देशांत काय अनुभव आहे?

अमेरिकेत पूर्व-पश्चिम जोडणारी रेल्वे १८६९ मध्ये पूर्ण झाली, डोंगर फोडून पश्चिमेकडचा भाग बांधण्यात हजारो चिनी मजूर होते. आणि १८८२ मध्ये त्याच देशानं चिनी मजुरांना यायला बंदी करणारा कायदा केला, तो १९४३ पर्यंत राहिला. काम हवं, माणूस नको, हे असं कायद्यात लिहून ठेवलेलं फार कमी ठिकाणी सापडेल.

ब्रिटनमध्ये जून १९४८ ला विंडरश जहाज वेस्ट इंडीजमधून लोक घेऊन आलं आणि पुढच्याच महिन्यात त्यांची सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, ती दवाखान्यांची व्यवस्था पुढं बाहेरून आलेल्या नर्स आणि डॉक्टरांवरच उभी राहिली, त्यात भारतातलेही खूप. जर्मनीनं १९६१ मध्ये तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी मजूर आणले, पाहुणे कामगार म्हणून, म्हणजे काम झालं की परत जा. ते राहिले. तसाच तुर्कस्तानातून लहानपणी आलेला एक मुलगा, वडील फोर्डच्या कारखान्यात कामाला, मोठा होऊन डॉक्टर झाला, नाव उगुर शाहीन. त्यानं आणि त्याच्या बायकोनं, त्याही तुर्की घरातल्याच, उभी केलेली बायोएनटेक कंपनी म्हणजे कोरोनाची लस काढणारी.

६. आपले इतके लोक सुरतलाच का गेले? मुंबई-पुणे का नाही?

मुंबई-पुण्यालाही गेलेत, पण सुरतला सरळ गाडी आहे. तापी खोऱ्यातली रेल्वे १९०० च्या सुमारास झाली, सुरत, नंदुरबार, अमळनेर, जळगाव अशी, आणि सुरत-भुसावळ पॅसेंजरनं कित्येक पिढ्या वाहून नेल्या. दुसरं म्हणजे १ मे १९६० पर्यंत सुरत आणि खान्देश एकाच मुंबई राज्यात होते, तेव्हा गेलेला माणूस परराज्यात गेलाच नव्हता, राज्याची रेघ नंतर ओढली गेली. नवापूरच्या स्टेशनवर उतरून बघा, एकच प्लॅटफॉर्म अर्धा महाराष्ट्रात अर्धा गुजरातमध्ये, बाकड्यावर बसलात तर शेजारचा माणूस दुसऱ्या राज्यात असतो.

बाकी कारणं माहितीच आहेत. ७२ चा दुष्काळ, कोरडवाहू जमिनीचे भावाभावांत झालेले तुकडे, इथल्या कापड गिरण्या बसत गेल्या आणि तिकडं लूम, डाइंग, साड्या, हिरे यांचं काम वाढत गेलं. आणि एकदा गावातला एक माणूस सुरतच्या उधन्याला खोली घेऊन राहिला की त्याच्या मागं चुलतभाऊ, मेव्हणा, गल्लीतला मित्र असं सगळं गाव जातं, पहिली रात्र झोपायला जागा आणि पहिल्या महिन्याची ओळख तिथं आधीच असते. लोक पगारापेक्षा ओळखीवर जास्त जातात.

७. सुरतमध्ये आपल्या लोकांमुळं काही बदललं का, का नुसते मजूर म्हणूनच राहिले?

खूप बदललं. उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागात फिरा, अहिराणी ऐकू येते, शेवभाजीच्या पाट्या दिसतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपली कानबाई देवी तिथंही बसते, रोट होतात, सोमवारी वाजतगाजत विसर्जन होतं. सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, शिवाय हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगूच्याही, कारण गंजामचा उडिया कामगार, युपी-बिहारचा आणि आपला, असे सगळे मिळून ते शहर चालवतात. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील नवसारीतून खासदार झाले, गुजरातमध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि २०२४ मध्ये केंद्रात जलशक्ती मंत्री. त्यांचा पक्ष तुम्हाला आवडो न आवडो, पण खान्देशात जन्मलेला पाटील गुजरातच्या राजकारणात इथवर पोचला ही गोष्ट साधी नाही.

इथं मला मनापासून एक सांगायचंय. सुरतमध्ये आपल्या पोराला कुणी बाहेरचा म्हणून हिणवलं की आपलं रक्त उकळतं, आणि जळगाव एमआयडीसीतल्या चटईच्या कारखान्यात काम करणाऱ्या युपीच्या पोराला आपण तोच शब्द वापरतो. जे माप तिकडं आपल्या पोरासाठी मागतो तेच इकडं लावा, मग पुढच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तुमची तुम्हालाच मिळतील.

८. आपलं खाणंपिणं तरी अस्सल आहे ना?

अस्सल आहेच, पण आलंय सगळीकडून. राजस्थानात बाटी निखाऱ्यात भाजून तुपात बुडवतात. आपल्याकडं बट्टीचं पीठ जाडसर दळतात, त्यात ओवा-हळद, गोळे करून आधी वाफवतात, मग कापून तळतात, आणि वरणात कुस्करून वर तूप. दोघी एकाच घरच्या, पण खान्देशात येऊन बट्टीनं आपलं वेगळंच रूप घेतलं. शेव हा गुजराती-मारवाडी फरसाणाचा प्रकार, त्याला काळ्या मसाल्याच्या झणझणीत रश्श्यात टाकायचं आपल्याकडं सुचलं. आणि तो रस्सा ज्या मिरचीवर उभा आहे, ज्या मिरचीच्या पथारींनी नंदुरबारची मैदानं लाल होतात, ती मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात भारतात आणलेली. भरताचं वांगं मात्र इथलं, त्याबद्दल कुणी काही बोलायचं नाही.

९. बाहेरच्या लोकांमुळं अहिराणी मरतेय का?

नाही. अहिराणीत गुजराती, राजस्थानी, हिंदी सगळ्यांचा अंश आहे, ती घडलीच येण्याजाण्यातून. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींच्या ओव्या लेवा बोलीत आहेत आणि ती बोलीही अशीच तयार झालेली. अहिराणी कमी होतेय ती आपल्या घरात, कारण इंग्लिश मीडियमच्या पोराशी आईबाप अहिराणीत बोलायला लाजतात. उलट भुसावळच्या बाजारात रेल्वेवाल्या तामिळ-तेलुगू घरांतली पोरं भाजीवाल्या मावशीशी इथल्या बोलीत भाव करताना दिसतात.

१०. बाहेरून आलेला माणूस आपला कधी होतो? किती पिढ्या लागतात?

पिढ्या मोजून होत नाही. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं जळगाव, धुळे, भुसावळ, चाळीसगावला आली, हातात काही नव्हतं. सुरुवातीला गाठोडं घेऊन दारोदार कापड विकलं, कमी नफ्यावर जास्त माल खपवायची पद्धत आणली, आणि जळगावच्या फुले मार्केटमध्ये आज फिरलात तर त्या पद्धतीचा सगळ्या बाजारावर काय परिणाम झाला ते कळतं. चेटीचंडची मिरवणूक निघते तेव्हा रस्त्यात पाणी-सरबत वाटायला बाकी समाजाचेही लोक उभे असतात. पण अजूनही सिंधी कॉलनी हा वेगळा भाग आहे. त्यात वाईट काही नाही, आपले लोक लिंबायतमध्ये असेच एकत्र राहतात.

काहीजण मात्र काही वर्षांतच आपले होतात. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, १९२४ ते १९३० अमळनेरला शिक्षक होते. १९३६ ला फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन झालं, खेड्यातलं पहिलं, त्यासाठी ते गावोगाव फिरले. आज त्यांना खान्देशाबाहेरचं म्हणायची हिंमत आहे कुणाची? इतिहासाचार्य राजवाडेही बाहेरचेच, धुळ्यात राहिले, १९२६ ला तिथंच गेले, आणि त्यांच्या नावाची संशोधन संस्था धुळ्याची ओळख झाली.

११. कुणीही उठून कुठंही राहायला जाऊ शकतं का? आपण अडवू शकत नाही?

अडवू शकत नाही. घटनेच्या कलम १९ प्रमाणं भारतीय नागरिकाला देशात कुठंही फिरायचा, राहायचा, धंदा करायचा हक्क आहे, सुरतच्या आपल्या लोकांना हेच कलम राखतं. अपवाद आहेत. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला जायला बाहेरच्या माणसाला आधी परवाना लागतो. आपल्याकडं नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा भागात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला सहजासहजी घेता येत नाही, जमीन महसूल संहितेचं कलम ३६ अ आहे, ते नियम बाहेरच्यालाही लागू आणि तुम्हालाआम्हालाही. आणि खाजगी नोकऱ्या स्थानिकांनाच द्या असा कायदा हरियाणानं केला होता, ७५ टक्क्यांचा, तो हायकोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केला.

१२. केळीच्या मळ्यात मध्य प्रदेशातलं कुटुंब सालदार म्हणून ठेवलंय. आमची जबाबदारी काय?

विचारलंत हेच चांगलं. सालदारकी आखाजी ते आखाजी ठरते, पूर्वी गावातलाच माणूस असायचा, आता बडवानी-खरगोनकडचे पावरा, बारेला लोक जास्त येतात आणि कुटुंब मळ्यातल्या खोलीत राहतं. साल ठरवताना आकडा कागदावर लिहा, दोघांच्या सह्या-अंगठे, उचल (आगाऊ रक्कम) किती दिली ती तारखेसकट लिहा आणि एक प्रत त्याच्याकडं ठेवा. सालाचा एकूण आकडा महिन्यावर वाटून किमान वेतनाच्या खाली जात नाही ना ते बघा. बायको कामाला येत असेल तर तिचा पैसा वेगळा, तिचं काम नवऱ्याच्या सालात फुकट धरायची पद्धत चुकीची आहे, सर्रास चालते म्हणून बरोबर होत नाही. मळ्यात संडास, लाइट, प्यायचं पाणी द्या. त्याचं ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं) नसेल तर सेंटरवर नेऊन काढून द्या, ते २०२१ पासून आहे. ठेकेदारामार्फत राज्याबाहेरून मजूर आणत असाल तर वेगळे नियम लागतात, १९७९ चा आंतरराज्य कामगारांचा कायदा त्यासाठीच होता, आता ते सगळं २०२० च्या कामगार संहितेत घेतलंय.

१३. त्यांच्या मुलांकडं दाखला नाही, आधार नाही. शाळा घेईल का?

घ्यावंच लागेल. ६ ते १४ वयाच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं वयाच्या दाखल्याअभावी किंवा आधीच्या शाळेच्या दाखल्याअभावी प्रवेश नाकारता येत नाही, आणि वर्गही वयाप्रमाणं द्यायचा असतो, मागं पडलेलं शिकवायची सोय शाळेनं करायची. वर्षाच्या मध्यात आलं तरी. मुख्याध्यापकांनी नाही म्हटलं तर केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी, लेखी अर्ज द्या. खरी अडचण घरात पावरी बोलणाऱ्या मुलाला वर्गात मराठी कळत नाही ही असते, पहिले काही महिने ते गप्प बसतं, त्याला ढ समजू नका.

१४. रेशन आणि मतदान कुठं करायचं, गावाकडं का कामाच्या ठिकाणी?

रेशन कुठंही मिळतं. अन्न सुरक्षा योजनेतलं कार्ड आधारला जोडलेलं असेल तर देशातल्या कुठल्याही रेशन दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, काही माणसांचं गावाकडं आणि काहींचं इकडं असंही घेता येतं. राज्याच्या स्वतःच्या जास्तीच्या योजना मात्र दुसऱ्या राज्यात चालत नाहीत. मतदान एकाच ठिकाणी, जिथं तुम्ही खरंच राहता तिथं. जागा बदलली तर फॉर्म ८ भरून नाव हलवा. उधन्यातही नाव आणि पारोळ्यातही नाव, हा गुन्हा आहे, मग सरपंचानं निवडणुकीला गाडी पाठवली तरी.

१५. लॉकडाऊनमध्ये जे झालं ते परत झालं तर?

मार्च २०२० मध्ये मुंबई-आग्रा हायवेवर धुळे, शिरपूर, पुढं बिजासन घाटापर्यंत माणसं चालत होती, डोक्यावर बोचकं, कडेवर पोरं. हायवेलगतच्या गावांनी भाकरी-भाजी करून वाटली, चपला वाटल्या, हे आपल्या भागाचं मोठं काम आहे. आणि ८ मे ला जालन्याहून निघालेले, भुसावळला गाडी मिळेल म्हणून रुळांवरून चालणारे मध्य प्रदेशातले १६ मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. ते आपल्याच स्टेशनकडं येत होते. म्हणून सांगतो, गावात बाहेरची कुटुंबं कामाला असतील तर त्यांची नावं, मूळ गाव, घरचा फोन ग्रामपंचायतीत नोंदवलेला असू द्या. पाळत ठेवायला नको, वेळ आली तर शोधून मदत पोचवता यावी म्हणून.

१६. मुलाचा जन्म सुरतचा, आम्ही मूळचे धुळे जिल्ह्यातले, अनुसूचित जातीचे. गुजरातमध्ये आरक्षण मिळेल का?

गुजरात सरकारच्या नोकरीत आणि गुजरातच्या राज्य कोट्यात नाही, जात तिथल्या यादीत असली तरी. अनुसूचित जाती-जमाती त्या त्या राज्याच्या संदर्भात ठरतात असं सुप्रीम कोर्टानं १९९० मध्ये सांगितलं आणि २०१८ मध्ये परत तेच सांगितलं. महाराष्ट्रात आणि केंद्र सरकारच्या नोकरीत मात्र हक्क राहतो, त्यासाठी वडिलांच्या मूळ राज्यातल्या दाखल्यावरून मुलाचा दाखला निघतो. म्हणून वडिलांचा किंवा आजोबांचा शाळेचा दाखला, गावचा जुना कागद, जातीची नोंद हे सगळं गावाकडं भावाच्या पेटीत टाकून विसरू नका, दहावीच्या आत कागद हातात पाहिजेत. ओबीसीच्या याद्याही राज्यागणिक वेगळ्या आहेत, तिथंही आधी तपासा.

१७. गावात मुलांची लग्नं होत नाहीत. एजंट म्हणतो बाहेरून मुलगी आणून देतो, पैसे लागतील. काय करावं?

पैसे देऊ नका. बाहेरच्या भागातल्या मुलीशी लग्न करणं यात काहीच गैर नाही, प्रश्न १ मध्ये लिहिलंच आहे की घरं अशीच बदलत आलीत. पण एजंट पैसे घेऊन मुलगी "आणून" देतो तेव्हा बऱ्याचदा मुलीला फसवलेलं असतं किंवा घरच्यांना पैशाचं आमिष दाखवलेलं असतं, आणि तो माणसांचा व्यापार ठरतो. कधी उलटंही होतं, लग्न लावून चार दिवसांत दागिने घेऊन टोळी गायब आणि बापानं शेत गहाण ठेवलेलं. स्थळ असेल तर मुलीच्या गावी स्वतः जा, तिच्या आईवडलांना भेटा, मुलीशी एकटीशी बोलू द्या असं सांगा, तिच्या वयाचा पुरावा बघा, आणि लग्न नोंदवा. एजंट यातल्या एकाही गोष्टीला टाळाटाळ करत असेल तर तिथंच थांबा.

१८. माझ्या भावानं ऊसतोडीसाठी मुकादमाकडून उचल घेतली होती. हंगाम संपला तरी फिटली नाही म्हणून सोडत नाहीत, फोनही काढून घेतलाय. उचल घेतली तर काम करावंच लागेल ना?

नाही. उचलीच्या बदल्यात माणसाला अडकवून ठेवणं म्हणजे वेठबिगारी, आणि १९७६ च्या कायद्यानं वेठबिगारी बंद आहे. असं अडकवलं असेल तर ते कर्जच कायद्यानं संपतं, परत करायची जबाबदारी राहत नाही, आणि अडकवणाऱ्याला शिक्षा आहे. तुमचा भाऊ ज्या जिल्ह्यात अडकलाय तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडं किंवा प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) लेखी तक्रार करा, यात सोडवायचा अधिकार आणि जबाबदारी त्यांची आहे, आणि तुमच्या इथल्या तहसीलदारांनाही प्रत द्या म्हणजे दोन्हीकडून पत्र जातं. तक्रारीत भावाचं नाव, सोबत किती माणसं आणि पोरं आहेत, गाव-फड-कारखान्याचं नाव, मुकादमाचा नंबर, उचल किती आणि केव्हा, शेवटचं बोलणं केव्हा झालं हे सगळं लिहा. मारहाण किंवा डांबून ठेवलं असेल तर ११२ ला फोन करा, उद्यावर ढकलू नका. सुटका झाली की प्रांताकडून मुक्ततेचं प्रमाणपत्र मागून घ्याच, पुनर्वसनाचे पैसे त्याच कागदावर मिळतात. आणि मुकादम मधल्या काळात घरी येऊन कोऱ्या कागदावर सही मागेल, करू नका.